शपथेची गाठ आणि भावाचा उंबरा

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावची. वय ४८, मराठी शाळेत शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी कडाक्याचं भांडण झालं. ओटीवर दहा माणसं बसलेली असताना मी म्हणाले, "अल्लाहची शपथ, परत तुझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही." आणि मनापासून म्हणाले. आता पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचा निकाह आहे. परवा तो स्वतः आमंत्रण द्यायला आला, चहाही न घेता उभ्या उभ्या गेला. मला जायचंय. पण या रमजानमध्ये कुरआनचा मराठी अनुवाद वाचला. शेवटच्या पाऱ्यात (तिसाव्या भागात) सूर्याची शपथ, रात्रीची शपथ, अंजिराची शपथ, धावत्या घोड्यांची शपथ. अल्लाह स्वतः इतक्या शपथा घेतो, म्हणजे शपथ केवढी मोठी गोष्ट असेल! मग मी माझी कशी मोडू? नहल सूरेत (सूरा म्हणजे कुरआनातला अध्याय) तर शपथा मोडू नका असं सरळ लिहिलंय. माझा मुलगा म्हणतो, "लग्न हॉलवर आहे, मामाच्या घरात नाही. हॉलवर जा, शपथ मोडतच नाही." शाळेतल्या एका सहकाऱ्यांना यातलं थोडं बोलले, तर ते म्हणाले, "खरं बोलणाऱ्याला शपथ कशाला लागते?" मला उत्तर देता आलं नाही.
– एक बहीण

ताई,

तुमच्या मुलाने काढलेली पळवाट वाचून हसू आलं. पोरगं वकिलीला जाणार असेल तर अडवू नका. शब्दांवर बोट ठेवलं तर त्याचं चूकही नाही. तुम्ही 'घराचा उंबरा' म्हणालात, हॉलला मामाचा उंबरा नाही. पण त्याच्याकडे शेवटी येतो. मी मुफ्ती नाही, जुन्या तफसिरी, म्हणजे कुरआनवरची भाष्यं, वाचत बसणारा माणूस आहे. तेव्हा अंतिम शब्द तुमच्या गावच्या जाणत्या मौलानांचा. तुम्ही विचारलंय ते मात्र नुसतं नियमाचं नाही. अल्लाहची शपथ आणि तुमची शपथ तुम्ही एकाच तराजूत घातलीत, आणि सगळा घोळ तिथे झालाय.

सहकाऱ्यांचा प्रश्न आधी घेतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो आपल्याच ग्रंथांमध्ये विचारलेला आहे. जलालुद्दीन सुयूती हे कैरोचे विद्वान, १५०५ साली वारले. कुरआनच्या अभ्यासावरच्या त्यांच्या 'अल-इत्कान'मध्ये ८० प्रकरणं आहेत, त्यातलं ६७वं अख्खं शपथांवर. तिथे ते हाच प्रश्न स्वतः उभा करतात : ही शपथ कुणासाठी? ऐकणारा श्रद्धावान असेल तर त्याला नुसतं सांगितलेलं पुरतं. नसेल तर शपथ घेऊनही त्याला पटणार नाही. मग कशाला घ्यायची? तुमच्या शिक्षकांच्या खोलीतला टोमणा पाचशे वर्षांपूर्वी एका आलिमाने याहून धारदार करून ठेवलाय, एवढं त्या सहकाऱ्यांना जरूर सांगा.

उत्तरंही सुयूती तिथेच देतात. एक म्हणजे कुरआन अरबांच्या भाषेत आला आणि ठासून सांगायचं तर शपथ घ्यायची ही त्या भाषेची रीत होती. दुसरं उत्तर कुशैरी या जुन्या विद्वानांचं, मला ते जास्त आवडतं. माणसांमधल्या वादाचा निकाल दोनच गोष्टींनी लागतो, साक्षीने नाहीतर शपथेने. अल्लाहने आपल्या ग्रंथात दोन्ही ठेवल्या, म्हणजे समोरच्याला बोलायला जागा उरू नये. थोडक्यात, शपथ लागते ती ऐकणाऱ्याच्या संशयामुळे. बोलणाऱ्याच्या खरेपणात काही कमी असतं म्हणून नव्हे. सुयूती एका बदूची, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाची, गोष्टही देतात. जारियात सूरेत 'तुमची रोजी आकाशात आहे' असं सांगून लगेच 'आकाश आणि पृथ्वीच्या पालनकर्त्याची शपथ, हे सत्य आहे' अशी आयत (कुरआनातलं वचन) येते. ती कानावर पडताच तो बदू किंचाळला : "त्या थोर मालकाला इतका राग आणला तरी कुणी, की त्याला शपथ घ्यायची पाळी आली?" पंडितांच्या चार पानी चर्चेपेक्षा मला हा रानातला माणूस जवळचा वाटतो.

स्वतःची शपथ अल्लाहने सातच ठिकाणी घेतलीय, अशी मोजणी जुन्या लोकांनी केली आहे. बाकीच्या शपथा त्याने निर्माण केलेल्या वस्तूंच्या. आणि तिथे अडचण येते. कारण हजरत उमर एकदा वडिलांची शपथ घेताना पैगंबरांनी ऐकलं आणि बजावलं, शपथ घ्यायचीच तर अल्लाहची घ्या, नाहीतर गप्प राहा. मग अंजिराची शपथ चालते कशी? कुणी म्हणालं, तिथे 'अंजिराच्या पालनकर्त्याची' असा शब्द गाळलेला समजा. कुणी म्हणालं, अरब ज्या गोष्टी मानत त्यांचीच नावं घेतली. तिसरं उत्तर असं की शपथ नेहमी आपल्याहून मोठ्याची घेतात. अल्लाहहून मोठं कुणी नाही, म्हणून तो कधी स्वतःची घेतो आणि कधी आपल्या निर्मितीची, कारण निर्मिती निर्मात्याकडे बोट दाखवते. बसऱ्याच्या हसन यांनी हे दोन वाक्यांत मिटवलं : अल्लाह आपल्या निर्मितीतल्या हव्या त्या वस्तूची शपथ घेतो, माणसाने मात्र अल्लाहखेरीज कुणाची घेऊ नये.

आपल्या 'आईशप्पथ'चं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण शाळेत रोज शंभर वेळा ऐकत असाल. त्याने काही बांधलं जात नाही. सवय मात्र मोडावी.

आता अंजीर. बगदादचे तबरी (मृत्यू ९२३) यांची पद्धत अशी, की आधी सगळ्यांची मतं कोण कुणाकडून म्हणालं या साखळीसकट मांडायची आणि मग आपलं सांगायचं. 'तीन' (अरबीत अंजीर) नावाच्या सूरेतल्या अंजीर आणि जैतून (ऑलिव्ह) यांच्याबद्दल त्यांनी बरंच गोळा केलंय. कुणी म्हणतं अंजीर म्हणजे दमास्कसचा डोंगर, जैतून म्हणजे जेरुसलेमचा. हसन आणि मुजाहिद हे जुने भाष्यकार म्हणतात, अहो, तुम्ही खाता ते अंजीर आणि पिळून तेल काढता ते जैतून. तबरी या साध्या अर्थाच्या बाजूने उभे राहतात. अरबांना अंजीर नावाचा डोंगर माहीत नव्हता, खायचं अंजीर माहीत होतं. तरी डोंगरवाल्यांना अगदी वेडं ठरवता येत नाही, कारण पुढच्याच आयतींत सिनाई पर्वत येतो, मूसांचा, आणि मग सुरक्षित शहर मक्का. म्हणून इब्न अल-कय्यिम यांच्यासारख्यांनी तिथे तीन पैगंबरांच्या तीन भूमी पाहिल्या. अंजीर-जैतूनची भूमी ईसांची, म्हणजे येशूंची.

हे इब्न अल-कय्यिम दमास्कसचे, १३५० साली वारले. कुरआनातल्या शपथांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथच लिहिलाय. ते शपथेचे दोन भाग वेगळे करून दाखवतात, कशाची शपथ आणि कशावर शपथ. आपण वाचताना पहिल्या भागावर थबकतो, सूर्य, चंद्र, घोडे, आणि दुसरा भाग हातातून निसटतो. खरी गंमत दोन्हींच्या जोडणीत आहे.

दुहा सूरा घ्या. तुम्हाला पाठ असेल. चढत्या सकाळची शपथ, आणि शांत झालेल्या रात्रीची शपथ, तुझ्या पालनकर्त्याने तुला सोडलेलं नाही. या सूरेमागची हकीकत अशी सांगतात : काही दिवस पैगंबरांना 'वही' (अल्लाहचा संदेश) आलीच नाही. मक्केत लोक हिणवू लागले, याच्या देवाने याला टाकलं. तेव्हा ही सूरा आली. इब्न अल-कय्यिम म्हणतात, शपथेच्या वस्तू बघा. रात्रीच्या अंधारानंतर वर आलेलं ऊन आणि वहीच्या खंडानंतर परत आलेला प्रकाश, दोघांचा मेळ बघा. जो रोज रात्रीनंतर दिवस आणतो तो मधल्या रात्रीमुळे सोडून गेला असं कसं म्हणता? म्हणजे शपथ इथे पुरावा झाली. सकाळी नऊ-दहाला अंगणात सुपारी वाळत घातलेली असते ना, त्या वेळच्या उन्हाला साक्षीला बोलावलंय. उत्तर प्रदेशातल्या आजमगढकडचे हमीदुद्दीन फराही (१८६३–१९३०) तर याच धाग्यावर म्हणाले, की कुरआनच्या या शपथा वस्तूंचा मान राखायला नाहीतच. त्या साक्षी आहेत.

आदियात सूरेतल्या त्या घोड्यांवरून प्रत्यक्ष सहाबांमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांमध्ये, मतभेद होता. तबरींनी दिलेली कथा अशी : इब्न अब्बास काबेपाशी बसलेले. एकाने विचारलं, धापा टाकत धावणारे म्हणजे कोण? ते म्हणाले, लढाईतले घोडे. तो माणूस उठून झमझमच्या विहिरीपाशी हजरत अलींकडे गेला. अली म्हणाले, कसले घोडे! आमची पहिली लढाई बद्रची, तिथे आमच्याकडे घोडे होते दोन, एक जुबैरचा, एक मिकदादचा. हे हजचे उंट आहेत, अरफाहून मुज्दलिफाकडे धावणारे. इब्न अब्बासांनी आपलं मत सोडलं. आणि तबरी? एवढ्या मोठ्या माणसाचं मत ऐकूनही ते म्हणतात, घोडेच. कारण 'दब्ह' ही धाप अरबीत उंटाला लावत नाहीत. एका शब्दासाठी एवढा आदरयुक्त हट्ट! तुम्ही भाषा शिकवता, तुम्हाला आवडेल. आणि इतकी दौड दाखवून शपथ कशावर? माणूस आपल्या पालनकर्त्याशी कृतघ्न आहे, यावर. जनावर मालकासाठी जीव तोडून धावतं, माणूस मात्र धावत नाही, असा तो टोला आहे असं मला वाटतं.

अस्र सूरेचं एवढंच सांगतो. काळाची शपथ, माणूस तोट्यात आहे. भाष्यकार राजी (मृत्यू १२१०) एका जुन्या माणसाचं बोलणं देतात : या सूरेचा अर्थ मला बर्फ विकणाऱ्याने शिकवला. तो बाजारात ओरडत होता, "अरे, ज्याचं भांडवल वितळतंय त्याच्यावर दया करा!" तुमच्या भाचीचं तीन वर्षांचं लहानपण असंच गेलं, ताई. ते आता विकत मिळणार नाही.

आता बघा, या सगळ्या शपथांमध्ये अल्लाहने कुठे म्हटलंय का, की माझी शपथ आहे म्हणून मी अमक्याशी बोलणार नाही? त्याच्या शपथेने एखादी खरी गोष्ट डोळ्यांसमोर येते. तुमच्या शपथेने एक दार लागलं. दोन्हींना मराठीत शब्द एकच असल्यामुळे फसगत होते.

माणसाच्या शपथेसाठी कुरआन बहुतेक ठिकाणी 'यमीन' म्हणतो. यमीन म्हणजे उजवा हात, जुने अरब करार करताना उजवा हात हातात घेत. माइदा सूरेत मनापासून घेतलेल्या शपथेसाठी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ गाठ मारणं. आणि तहरीम सूरेत शपथेतून बाहेर येण्यासाठी 'तहिल्ला' आहे, म्हणजे गाठ सोडणं. लहानपणी आपल्याला कुणी शप्पथ घातली की आपण मागे लागायचो ना, "सुटली म्हण, सुटली म्हण!" बरोब्बर तेच. आणि ती आयत कुणाला उद्देशून आली? खुद्द पैगंबरांना. घरातल्या एका प्रसंगात त्यांनी एक हलाल गोष्ट स्वतःवर बंद करून घेतली होती (मध होता असं एका रिवायतीत, म्हणजे परंपरेने आलेल्या हकीकतीत, आहे), तेव्हा आयत आली, की अल्लाहने तुमच्या शपथांच्या गाठी सोडायची वाट ठरवून दिली आहे.

तुमची आयत वेगळीच आहे, आणि तुम्ही ती वाचून पुढे गेलात असं दिसतं. 'बकरा' (अरबीत गाय) सूरा, आयत २२४ : सत्कर्म करणं, अल्लाहचं भय बाळगणं आणि लोकांमध्ये समेट घडवणं यांच्या आड आपल्या शपथांद्वारे अल्लाहला आणू नका. यामागची हकीकत अशी सांगतात : मदीनेचे कवी सहाबी अब्दुल्लाह इब्न रवाहा यांचं बहिणीच्या नवऱ्याशी बिनसलं. त्यांनी शपथ घेतली, त्याच्या घरी जाणार नाही, त्याच्याशी बोलणार नाही, त्याच्या भांडणात समेट करणार नाही. कुणी समजवायला गेलं की म्हणत, मी अल्लाहची शपथ घेतलीय, माझा इलाज नाही. घर नातलगाचं, शपथ उंबऱ्याची, आणि सबब म्हणून अल्लाहचं नाव. ताई, फक्त कलमं तेवढी नव्हती.

काहींच्या मते ही आयत हजरत अबू बक्र यांच्याबद्दल आहे. नूर सूरेतली २२वी आयत तर त्यांच्याबद्दलच आली असं सांगतात. त्यांच्या पोटच्या मुलीवर, हजरत आयशांवर, बालंट आलं. ते पसरवणाऱ्यांत मिस्तह होता, अबू बक्र यांच्याच नात्यातला, त्यांच्याच पैशावर जगणारा. मुलगी निर्दोष ठरल्यावर बाप म्हणाला, अल्लाहची शपथ, याला आता दमडी देणार नाही. कुणाही बापाला पटेल अशी शपथ. तरी आयत आली : तुमच्यातल्या ऐपतदारांनी नातलगांना काही देणार नाही अशी शपथ घेऊ नये. अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बक्र म्हणाले, वाटतं, वल्लाह (अल्लाहची शपथ), वाटतं! त्यांनी मिस्तहचा खर्च पुन्हा चालू केला, आणि वर शपथच घेतली की तो आता कधी बंद करणार नाही.

मग नहल सूरेचं काय? तिथे खरंच म्हटलंय, शपथा पक्क्या केल्यावर मोडू नका, दिवसभर पक्कं सूत कातून मग ते उसवून टाकणाऱ्या बाईसारखे होऊ नका. पण त्या आयतींची सुरुवात कराराने होते. मुजाहिद यांचं स्पष्टीकरण तबरींनी दिलंय, की लोक एका टोळीशी तह करायचे आणि जास्त ताकदवान टोळी भेटली की तह मोडून तिकडे जायचे. म्हणजे तिथली शपथ दुसऱ्याला दिलेला शब्द आहे, मोडला तर दुसऱ्याचं नुकसान. तुमच्या शपथेवर कोण विसंबून होतं? शपथ घेतल्यावर दुसरी गोष्ट अधिक चांगली दिसली तर ती चांगली गोष्ट करावी आणि शपथेचा कफ्फारा (प्रायश्चित्त) द्यावा, ही हदीस (पैगंबरांचं वचन) 'सही मुस्लिम' या संग्रहात आहे.

सहज तोंडातून गेलेली शपथ 'लग्व', तिला कफ्फारा नाही. हजरत आयशा तिचं उदाहरण देत, बोलता बोलता आलेलं 'नाही वल्लाह', 'हो वल्लाह'. पण तुम्हीच लिहिलंय मनापासून बोलले, तेव्हा ती सवलत धरू नका. कफ्फारा माइदा सूरेच्या ८९व्या आयतीत आहे. घरच्यांना देता त्या मध्यम प्रतीचं अन्न दहा गरिबांना, किंवा दहा जणांना कपडे, किंवा गुलाम मुक्त करणं. यातलं काहीच शक्य नसेल तर तीन रोजे. आपल्याकडे पुष्कळ लोक सरळ तीन रोजे धरून मोकळे होतात. ऐपत असताना ते चालत नाही, आणि शिक्षिकेच्या पगारात दहा जणांचे तांदूळ बसतात.

तुम्ही कोकणी मुसलमान, म्हणजे धर्मनियमांच्या बाबतीत बहुधा शाफई परंपरेच्या. शाफई मताप्रमाणे दहा जणांपैकी प्रत्येकाला एक मुद्द धान्य द्यायचं. मुद्द म्हणजे मध्यम माणसाची भरलेली ओंजळ. सुमारे ६०० ग्रॅम धरतात, तुम्ही पाऊण किलो धरा, हात आखडू नका. म्हणजे साडेसात किलो तांदूळ, दहा वेगवेगळ्या माणसांना, तुमच्या घरी शिजतात तसले, रेशनचे निवडून काढलेले नव्हेत. सासर हनफी या दुसऱ्या परंपरेचं असेल तर तिथे दहा जणांना दोन वेळचं जेवण घालण्याची रीत आहे, आणि त्यांच्या मते कफ्फारा शपथ मोडल्यानंतरच. शाफई मतात धान्य आधी दिलं तरी चालतं, रोजे मात्र नंतरच. आणि एकदा उंबरा ओलांडला की गाठ सुटली. दर फेरीला दंड नाही.

आता तुमच्या मुलाची युक्ती. अशी युक्ती कुरआनातही आहे. अय्यूब पैगंबरांनी आजारपणात बायकोला शंभर फटके मारायची शपथ घेतली होती असं भाष्यकार सांगतात. अल्लाहने सांगितलं, काड्यांची एक जुडी घे, तिने मार आणि शपथ मोडू नकोस. पण तिथे वाट काढली ती बायकोला मार बसू नये म्हणून. तुमचा मुलगा वाट काढतोय ती अबोला शाबूत राहून जेवण मिळावं म्हणून. हॉलवर तुम्ही पाकीट द्याल, बिर्याणी खाल आणि घरी याल. शपथ तशीच, उंबरा तसाच. भाऊ चहा न घेता का गेला असेल? त्यालाही तुमच्या घरात बसता आलं नाही.

तेव्हा या आठवड्यात तांदूळ द्या. मग मेंदीच्या दोन दिवस आधी, घरात पाहुण्यांची गर्दी व्हायच्या आत, भर दुपारी भावाच्या घरी जा. एकट्या जा. ओटीवरून हाक मारून थांबू नका, सरळ आत स्वयंपाकघरापर्यंत जा. वहिनी काय ते बघून घेतील.

आणि कलमांचं त्या दिवशी काही काढू नका. पण सोडूनही देऊ नका. शपथ सुटली म्हणून हक्क सुटत नाही. मुलीचा वाटा निसा सूरेत लिहिलेला आहे, तो कुणाची मेहेरबानी नाही. लग्न होऊ दे, आंबा उतरू दे, मग पावसाळ्यात निवांत बसून सातबारा समोर ठेवा आणि मोजून घ्या.